कोचचं बॅकग्राउंड चेक म्हणजे काय? ते कसं होतं, त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही

घर भाड्याने घ्यायचं असेल तर पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. पासपोर्ट काढायचा असेल तरी लागतं. कॅब चालवायची असो की सोसायटीत सिक्युरिटी गार्डची नोकरी करायची असो, कागद मागितलाच जातो. पण रोज पहाटे साडेपाचला तुम्हाला मैदानावर बोलावणारे, स्पर्धेसाठी तुम्हाला दोन दिवस बाहेरगावी नेणारे, रात्री दहा वाजता व्हॉट्सअॅपवर उद्याचं शेड्यूल पाठवणारे कोच? त्यांचं व्हेरिफिकेशन कोणी केलंय का, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या घरी विचारला गेलाय?

बहुतेक कोच मनापासून शिकवतात आणि पोरांसाठी स्वतःच्या खिशातून खर्चही करतात. हा लेख त्यांच्यावर संशय घेण्यासाठी नाही. तपासणीची नीट पद्धत असेल तर चांगल्या कोचचंच काम सोपं होतं. ही तपासणी नेमकी काय असते, तिच्यामागे कोणता डेटा असतो आणि ती कुठे कमी पडते, हे आज समजून घेऊया.

बॅकग्राउंड चेक म्हणजे नेमकं काय?

एखाद्या माणसाला मुलांसोबत काम करायला देण्याआधी त्याच्याबद्दलची माहिती तपासणं म्हणजे बॅकग्राउंड चेक. यात साधारण चार गोष्टी येतात:

१. ओळख: माणूस सांगतो तोच आहे का? आधीचं नाव, आधीचे पत्ते कोणते?
२. पोलीस रेकॉर्ड: त्याच्यावर गुन्हा दाखल आहे का, कोर्टात शिक्षा झाली आहे का?
३. पात्रता: कोचिंगची जी सर्टिफिकेटं तो दाखवतो ती खरी आहेत का?
४. आधीच्या ठिकाणची चौकशी: मागच्या क्लबमधून किंवा शाळेतून तो का बाहेर पडला?

आपल्याकडे 'बॅकग्राउंड चेक' म्हटलं की फक्त दुसरा मुद्दा डोळ्यासमोर येतो. खरं तर चौथा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे. तो का, हे पुढे कळेल.

भारतात कायदा काय सांगतो?

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा आपला मुख्य कायदा म्हणजे २०१२ चा पॉक्सो कायदा. या कायद्यानुसार १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती 'बालक' आहे, मग ती मुलगी असो की मुलगा. म्हणजे अकरावी-बारावीतले बहुतेक खेळाडू यात येतात.

या कायद्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये लागू झाले. त्यातल्या नियम ३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की ज्या संस्थांचा मुलांशी नियमित संपर्क येतो, त्यांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन आणि बॅकग्राउंड चेक ठरावीक काळाने करायला हवं. शाळा आणि पाळणाघरांसोबत 'स्पोर्ट्स अकॅडमी' हा शब्दही त्या नियमात आहे.

यातल्या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा:

- 'प्रत्येक कर्मचारी' म्हणजे फक्त हेड कोच नाही. शिकवणारे, न शिकवणारे, कायमचे आणि कॉन्ट्रॅक्टवरचे असे सगळे. व्हॅनचा ड्रायव्हर, ग्राउंड्समन, फिजिओ, हॉस्टेलचा वॉर्डनसुद्धा.
- 'ठरावीक काळाने' म्हणजे एकदा करून फाईलला लावलं आणि संपलं, असं नाही.
- फक्त चेक करून भागत नाही. कर्मचाऱ्यांना बालसुरक्षेचं ट्रेनिंग देणंही त्याच नियमात सांगितलंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि अख्खा महाराष्ट्र हादरला. त्यातला आरोपी कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कामगार होता. त्यानंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांसाठी आदेश काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस तपासणीतून सुटला तर काय होऊ शकतं, हे त्या प्रकरणाने दाखवून दिलं.

प्रत्यक्षात मात्र गल्लीतला क्रिकेट कॅम्प, सोसायटीच्या स्विमिंग पूलवर शिकवणारे सर किंवा भाड्याच्या हॉलमधला कराटे क्लास यांच्याकडे फाईल बघायला कोणी जात नाही. तिथे पालकांनी आणि खेळाडूंनी विचारलं तरच कागद पुढे येतो.

महाराष्ट्रात पोलीस व्हेरिफिकेशन कसं होतं?

आपल्याकडे याला 'चारित्र्य पडताळणी' म्हणतात. महाराष्ट्र पोलिसांच्या 'पोलीस क्लिअरन्स सर्व्हिसेस' पोर्टलवर यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. साधारण प्रवास असा असतो:

१. अर्जदार स्वतः अकाउंट उघडून अर्ज भरतो. आत्ताचा पत्ता, आधीचा पत्ता आणि कशासाठी हवंय, ही माहिती द्यावी लागते.
२. फोटो, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा. नोकरीसाठी असेल तर संस्थेचं पत्रही जोडावं लागतं.
३. फी ऑनलाइन भरायची.
४. अर्ज संबंधित पोलीस ठाण्याकडे जातो. तिथे रेकॉर्ड तपासलं जातं. अर्जदाराला ठाण्यात बोलावलं जाऊ शकतं.
५. सगळं ठीक असेल तर प्रमाणपत्र मिळतं.

पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट वेगळं असतं. ते परदेशात नोकरी, शिक्षण किंवा राहण्यासाठी लागतं. इथल्या अकॅडमीतल्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी करून घ्यायची.

पडद्यामागचा डेटा: सीसीटीएनएस आणि एनडीएसओ

पूर्वी एका ठाण्याचं रेकॉर्ड दुसऱ्या ठाण्याला माहीत नसायचं. नागपुरात गुन्हा दाखल असलेला माणूस कोल्हापुरात येऊन कोरी पाटी घेऊन बसू शकायचा. हे बदलण्यासाठी २००९ मध्ये केंद्र सरकारने सीसीटीएनएस प्रकल्पाला मंजुरी दिली. सोप्या भाषेत सांगायचं तर देशभरातल्या पोलीस ठाण्यांना एका नेटवर्कने जोडणारी ही यंत्रणा आहे. एफआयआर, अटक, चार्जशीट अशा नोंदी त्यात डिजिटल होतात. पुढे कोर्ट, जेल आणि फॉरेन्सिक लॅबचा डेटाही जोडण्यासाठी आयसीजेएस ही यंत्रणा आली.

दुसरा महत्त्वाचा डेटाबेस म्हणजे एनडीएसओ, म्हणजेच लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस. तो २० सप्टेंबर २०१८ ला सुरू झाला आणि एनसीआरबी ही केंद्रीय संस्था तो सांभाळते. सुरुवातीलाच त्यात सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे अशी माहिती त्यात असते.

मग हा डेटाबेस आपल्या फोनवर उघडून कोचचं नाव टाकता येईल का? नाही. तो फक्त तपास यंत्रणांसाठी आहे. अमेरिकेत लैंगिक गुन्हेगारांची यादी सामान्य माणसालाही ऑनलाइन बघता येते, भारतात नाही. शिवाय यात दोषी ठरलेल्यांच्याच नोंदी असतात. केस चालू असलेला किंवा कधीच तक्रार न झालेला माणूस यात सापडत नाही.

'क्लीन' सर्टिफिकेट म्हणजे सुरक्षित माणूस का?

सगळा लेख विसरलात तरी हा भाग विसरू नका. बॅकग्राउंड चेकमध्ये फक्त नोंद झालेली गोष्ट दिसते. जे कधी नोंदवलंच गेलं नाही, ते कितीही भारी सॉफ्टवेअर वापरलं तरी दिसणार नाही. दोन खरी उदाहरणं बघा.

पहिलं इंग्लंडचं. ऑगस्ट २००२ मध्ये सोहम नावाच्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. आरोपी इयन हंटली तिथल्या शाळेत केअरटेकर होता. दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याबद्दल आधीच अनेक तक्रारी आल्या होत्या, पण ती माहिती शाळेपर्यंत पोहोचली नाही. त्याने इयन निक्सन असं दुसरं नाव वापरलं होतं आणि पोलिसांनी चेक करताना तेवढंच नाव टाकलं. जुनं नाव टाकून शोधलंच नाही. डेटा होता, पण सर्चमध्ये आला नाही. मोबाईलमध्ये कॉन्टॅक्ट वेगळ्या नावाने सेव्ह केला की शोधून सापडत नाही, तसलाच प्रकार. फक्त इथे किंमत दोन जीवांची होती. आपल्याकडे तर एकाच माणसाच्या नावाची स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरी आणि लायसन्सवर तिसरी असू शकते. म्हणून ओळख आणि आधीची नावं तपासणं हा चेकचा पहिला भाग आहे.

दुसरं अमेरिकेचं. लॅरी नासर हा अमेरिकन जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर. २०१६ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार' या वर्तमानपत्रातून त्याच्याविरुद्धचे आरोप बाहेर आले आणि पुढे शेकडो मुली-महिला बोलल्या. जानेवारी २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. मुलींनी आधीही मोठ्यांना सांगितलं होतं, पण 'ही उपचाराची पद्धत आहे' म्हणत तक्रारी बाजूला सारल्या गेल्या. शिक्षा नाही म्हणून रेकॉर्ड नाही. इतकी वर्षं कोणीही त्याचं बॅकग्राउंड चेक केलं असतं तरी ते क्लीनच आलं असतं.

आता मघाचा चौथा मुद्दा आठवा. मागच्या क्लबला फोन करून 'सरांनी का सोडलं?' एवढं विचारणं कधीकधी पोलीस सर्टिफिकेटपेक्षा जास्त सांगून जातं. अनेक संस्था बदनामीच्या भीतीने माणसाला गुपचूप काढून टाकतात आणि तो पुढच्या गावात नवी बॅच सुरू करतो.

इतर देशांत काय सिस्टिम आहे?

इंग्लंड आणि वेल्स: सोहमच्या घटनेनंतर चौकशी झाली, कायदा बदलला आणि १ डिसेंबर २०१२ पासून डीबीएस ही संस्था काम करू लागली. बेसिक, स्टँडर्ड, एन्हान्स्ड आणि 'बार्ड लिस्ट'सह एन्हान्स्ड अशा चार पातळ्यांचे चेक असतात. बार्ड लिस्ट म्हणजे मुलांसोबत काम करायला कायमची बंदी असलेल्यांची यादी. एन्हान्स्ड चेकमध्ये शिक्षा झालेली नसली तरी पोलिसांना महत्त्वाची वाटलेली माहितीही देता येते. स्वयंसेवकांना डीबीएस फी माफ आहे. सर्टिफिकेटला एक्सपायरी डेट नसते, कारण ते फक्त काढल्याच्या दिवसापुरतंच खरं मानलं जातं. नंतर काही बदललंय का, हे ऑनलाइन 'अपडेट सर्व्हिस'वर बघता येतं. जून २०२२ पासून तिथे आणखी एक बदल झाला: कोच आणि त्याच्याकडे शिकणारी १६-१७ वर्षांची व्यक्ती यांच्यातले लैंगिक संबंध गुन्हा ठरतात, खेळाडूची संमती असली तरी. अधिकाराच्या नात्यात 'हो' म्हणणं खरंच मोकळं नसतं, हे त्यामागचं कारण.

ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स: इथे मुलांसोबत काम करणाऱ्याला एक नंबर मिळतो, तो पाच वर्षं चालतो. क्लबने तो नंबर ऑनलाइन तपासायचा असतो. या पाच वर्षांत नवा गंभीर गुन्हा नोंदला गेला तर सिस्टिमला कळतं आणि परवानगी रद्द होऊ शकते. आपल्या कागदी सर्टिफिकेटमध्ये नेमकी हीच गोष्ट नाही.

अमेरिका: मार्च २०१७ मध्ये 'यू.एस. सेंटर फॉर सेफस्पोर्ट' सुरू झालं. बंदी घातलेल्या कोचची यादी त्यांच्या वेबसाइटवर कोणालाही नावाने शोधता येते. शिवाय नियम असा की अल्पवयीन खेळाडूशी मोठ्या माणसाचं बोलणं-भेटणं दुसऱ्याला दिसेल आणि मध्ये येऊन थांबवता येईल अशा ठिकाणीच व्हावं. हाच नियम मेसेजिंगलाही लागू आहे.

खरी सुरक्षा फोनवरच्या नियमांत

चेक ही दारावरची कडी झाली. रोजची सुरक्षा रोजच्या नियमांनी येते आणि आज त्यातले अर्धे नियम फोनचेच आहेत. चांगल्या अकॅडमीत हे असायला हवं:

- सगळ्या सूचना ग्रुपवर. ग्रुपमध्ये पालक किंवा दुसरे कोच असलेच पाहिजेत.
- वैयक्तिक मेसेज करायची वेळ आली तर आई-बाबा किंवा दुसरा कोच त्यात हवा.
- रात्री उशिरा चॅट नाही, डिसअपीअरिंग मेसेज नाही, 'एकदाच दिसणारे' फोटो नाहीत.
- फिटनेस किंवा दुखापतीचा फोटो हवा असेल तर तो पालकांमार्फत.
- चेंजिंग रूममध्ये मोबाईल बंद, मोठ्यांचाही.
- स्पर्धेला जाताना खोली कोचसोबत शेअर करायची नाही आणि एकट्याने कोचच्या गाडीत जायचं नाही.

कोणी म्हणालं, 'हे आपल्या दोघांतच ठेव', 'घरी सांगितलंस तर सिलेक्शन विसर', 'तू बाकीच्यांसारखी नाहीस, तू मॅच्युअर आहेस', तर सावध व्हा. मग ते कितीही मोठे खेळाडू असोत किंवा त्यांच्याकडे कितीही स्टॅम्प मारलेलं सर्टिफिकेट असो. गिफ्ट, फुकट किट, वेगळं कौतुक, मग गुपित आणि मग धमकी, अशा पायऱ्यांनी हे पुढे सरकतं. याला ग्रूमिंग म्हणतात.

तुम्ही स्वतः काय तपासू शकता?

करा:
- अकॅडमीच्या ऑफिसात आई-बाबांना विचारायला सांगा: 'स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का? कधी झालं?' तारीख महत्त्वाची आहे.
- तक्रार कोणाकडे करायची, हे विचारा. उत्तर फक्त 'हेड सरांकडे' असेल तर पुढचा प्रश्न: तक्रार हेड सरांबद्दलच असली तर?
- कोचिंग सर्टिफिकेट दाखवलं असेल तर ते देणाऱ्या संस्थेकडून किंवा त्या खेळाच्या संघटनेकडून खात्री करून घ्या.
- आधीच्या क्लबमधल्या सीनियर खेळाडूंशी बोला.

करू नका:
- 'कोणाचंही क्रिमिनल रेकॉर्ड मिळवा' म्हणणाऱ्या अनोळखी अॅपमध्ये स्वतःचा किंवा कोचचा आधार नंबर टाकू नका. एनडीएसओ अशा अॅपना उघडा नाही, त्यामुळे त्यांचा दावा जपूनच घ्या.
- ई-कोर्ट्स अॅपवर पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते, पण नुसतं नाव जुळलं म्हणून तोच माणूस असं धरू नका. एकाच नावाची कितीतरी माणसं असतात. आणि केस चालू असणं म्हणजे दोषी असणं नाही.
- संशय आला म्हणून इन्स्टा स्टोरीवर नाव-फोटो टाकू नका. माणूस निर्दोष असेल तर त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होईल, आणि दोषी असेल तर तो सावध होऊन पुरावे पुसून टाकेल. पीडित मुलीची किंवा मुलाची ओळख उघड करणं तर पॉक्सोखाली गुन्हाच आहे.

काही चुकीचं घडलं असेल तर?

पहिली गोष्ट: चूक तुमची नाही. तुम्ही रिप्लाय दिला असेल, फोटो पाठवला असेल, इतके दिवस गप्प बसला असाल, तरीही नाही.

- १०९८: चाइल्ड हेल्पलाइन. २४ तास, मोफत.
- ११२: लगेच मदत हवी असेल तर.
- राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल: ऑनलाइन छळ, फोटो, ब्लॅकमेल यासाठी. मुलांबाबतच्या काही तक्रारी इथे नाव न देताही करता येतात.
- टेक इट डाउन: १८ वर्षांखाली असताना काढलेला नग्न फोटो पसरण्याची भीती असेल तर ही मोफत सेवा वापरता येते. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त हॅश, म्हणजे डिजिटल ठसा तयार होतो. सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो फोटो ओळखून काढू शकतात.

चॅट डिलीट करू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पण अल्पवयीन व्यक्तीचा आक्षेपार्ह फोटो असेल तर तो 'पुरावा' म्हणूनही मित्राला फॉरवर्ड करू नका. फोन तसाच पोलिसांना दाखवा. ब्लॉक करण्याआधी पुरावा जपा.

पोलीस म्हटलं की भीती वाटते, हे खरं आहे. पण पॉक्सोमध्ये मुलांचा जबाब त्यांच्या घरी किंवा त्यांना बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.

आणि मैत्रिणीने किंवा मित्राने तुम्हाला सांगितलं तर? 'तुझ्यावर माझा विश्वास आहे' एवढं आधी म्हणा आणि भरवशाच्या मोठ्या माणसापर्यंत ते पोहोचवा. अशा गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पॉक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. मात्र मुलांना न कळवल्याबद्दल शिक्षा होत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी १९ वर्षांचा आहे, लहान मुलांना बॅडमिंटन शिकवतो. माझंही व्हेरिफिकेशन लागेल का?
अकॅडमीत काम करत असाल तर हो. स्वतःहून करून घ्या. पालकांचा विश्वास बसतो आणि पुढे नोकरीलाही उपयोग होतो.

मी १६ वर्षांचा असताना एका भांडणात केस झाली होती. ती दिसेल का?
बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार, निकाली निघालेल्या प्रकरणात पोलिसांनी बालकाचं रेकॉर्ड चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायचं नसतं.

सर्टिफिकेट किती दिवस चालतं?
ते काढल्या दिवसापर्यंतची परिस्थिती सांगतं. तीन वर्षांपूर्वीचा कागद आजची खात्री देत नाही, म्हणून पुन्हा काढायला लावायचं.

मुलगा असेल तरी पॉक्सो लागू होतो का?
हो. आणि मुलं याबद्दल बोलायला जास्त कचरतात, म्हणून मित्रांनी लक्ष ठेवायला हवं.

कोच चिडले तर?
ज्यांना मुलांची काळजी आहे, ते हा प्रश्न ऐकून कागद काढून दाखवतात. जे चिडतात, त्यांचं चिडणं हीसुद्धा एक माहितीच आहे.

पुढची फी भरायच्या आधी हा लेख घरच्या ग्रुपवर टाका आणि एवढंच लिहा: 'आपल्या अकॅडमीत विचारूया का?'